राल्फ जोन्सचा रेझ्युमे

मंडळी, आज आधी एक रेझ्युमे वाचा. नाव मुद्दाम झाकलंय, थोडा धीर धरा.

सुरुवातीला नोकरी गावातल्या हायस्कूलमध्ये. मग त्याच गावातलं एक लहानसं कॉलेज, पाच वर्षं. मग एक मोठं विद्यापीठ, तीन वर्षं. मग आणखी एक मोठं विद्यापीठ, आठ वर्षं. तिथे एका मोसमात एकही सामना न हरलेली टीम. इथपर्यंत आलेख कसा छान वर चढतोय. आणि मग अचानक... शाळा! जवळपास दहा वर्षं शाळेत. तिथून थेट देशातल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक. तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी विजेतेपद. आणि त्यानंतर? शहराबाहेरचं एक चिमुकलं कॉलेज. तिथे १५ वर्षं. रेझ्युमे समाप्त.

आता खरं सांगा, हा कागद तुमच्या टेबलावर आला तर काय म्हणाल? आमच्याकडच्या कुठल्याही इंटरव्ह्यू पॅनलवर पहिला प्रश्न येणार, "मधेच शाळेत का गेला?" दुसरा, "विजेतेपद मिळाल्यावर सोडलं, की काढलं?" आणि मग कॉफी मशीनपाशी निकाल लागणार, "माणूस हुशार दिसतोय, पण नंतर काहीतरी फसलं."

मला आज याच निकालाशी भांडायचंय.

या माणसाचं नाव राल्फ जोन्स. जन्म १८८०, इंडियाना राज्य, अमेरिका. खेळ दोन. एक फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल बरं का, म्हणजे अंडाकृती चेंडू आणि धक्काबुक्की, आपला पायाने खेळायचा नव्हे) आणि दुसरा बास्केटबॉल. आपल्याकडे त्याचं नाव कुणी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्या माणसाला विचारलंत तरी दहातले नऊ जण डोकं खाजवतील. पण त्याच लोकांना जॉर्ज हॅलस विचारा, जॉन वुडन विचारा, तासभर बोलतील. आणि या दोन्ही नावांचं मूळ शोधत मागे गेलं की दोन्ही वाटा या एकाच माणसापाशी येतात. एक फुटबॉलची, एक बास्केटबॉलची. कशा ते सांगतो.

सुरुवात क्रॉफर्ड्सव्हिल नावाच्या गावापासून. तिथे वॉबॅश नावाचं एक कॉलेज आहे. फक्त मुलांचं, आणि विद्यार्थी मोजके. जोन्स तिथे १९०४ ते १९०९ बास्केटबॉल शिकवत होता. आता १९०४ हे साल जरा नीट बघा. बास्केटबॉल हा खेळच मुळी जेम्स नाइस्मिथनं डिसेंबर १८९१ मध्ये शोधून काढलेला, हिवाळ्यात व्यायामशाळेच्या आत पोरांना गुंतवून ठेवायला, पीचच्या दोन टोपल्या आणि १३ नियम घेऊन. म्हणजे जोन्स शिकवायला लागला तेव्हा खेळ जेमतेम १२-१३ वर्षांचा होता. ना पाठ्यपुस्तक, ना सीनियर, ना "बेस्ट प्रॅक्टिसेस". स्टॅक ओव्हरफ्लो तर नव्हतंच. :) पास कसा द्यायचा, बचाव कुठे उभा करायचा, पाच जणांनी एकमेकांपासून किती लांब राहायचं, हे सगळं शिकवता शिकवताच शोधायचं होतं.

आणि त्या काळच्या लहान कॉलेजचा कोच म्हणजे काय प्रकरण असायचं? सप्टेंबर ते नोव्हेंबर फुटबॉल, डिसेंबर ते मार्च बास्केटबॉल, त्यानंतर बेसबॉल नाहीतर धावण्या-उड्यांच्या शर्यती. मधल्या वेळात साध्या पोरांचे व्यायामाचे तास. प्रवासाची व्यवस्था, कपडे, बूट, जखमांवर पट्ट्या, विरुद्ध कॉलेजला पत्र लिहून तारीख ठरवणं, हे सगळं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या डोक्यावर. आजच्या भाषेत फुल स्टॅक कोच म्हणा हवं तर. फक्त तेव्हा त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. दुसरा माणूस ठेवायला पैसेच नव्हते, एवढंच.

अशा ठिकाणी जोन्सनं काय केलं? १९०७-०८ च्या मोसमात वॉबॅशनं २४ सामने खेळले आणि २४ जिंकले. त्याच दिवसांत क्रॉफर्ड्सव्हिलचा वॉर्ड लँबर्ट नावाचा एक चणीनं लहान पोरगा त्याच्या हाताखाली तयार होत होता. सगळे त्याला 'पिगी' म्हणत. हा पिगी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०९ ला जोन्स पर्ड्यू विद्यापीठात गेला. १९११-१२ चा मोसम तिथे १२ पैकी १२. मग इलिनॉय विद्यापीठ. तिथे १९१४-१५ मध्ये १६ पैकी १६. बऱ्याच वर्षांनी हेल्म्स नावाच्या संस्थेनं जुन्या मोसमांचे विजेते मागाहून ठरवले, तेव्हा त्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपद इलिनॉयच्या नावावर लागलं. म्हणजे तीन कॉलेजं, आणि तिन्हीकडे एकेक मोसम अपराजित. आणि तिन्हीकडे पोरं वेगळी. तेव्हा नशीब वगैरे म्हणायला फारशी जागा उरत नाही.

इलिनॉयमध्ये तो बॉब झुप्के या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली फुटबॉललाही मदत करायचा. तिथेच शिकागोचा एक तरतरीत मुलगा फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असं सगळंच खेळत होता. त्याचं नाव जॉर्ज हॅलस. हे दुसरं नाव लक्षात ठेवायचं.

१९२० मध्ये जोन्सनं इलिनॉय सोडलं आणि तो लेक फॉरेस्ट अकॅडमी नावाच्या शाळेत गेला. शिकागोच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवर, मिशिगन सरोवराच्या काठी. आपल्या रेझ्युमेमधला पहिला "खड्डा" तो हाच.

आता हॅलसकडे वळू. त्यानं तोवर शिकागो बेअर्स हा व्यावसायिक संघ उभा केला होता. मालक, कोच आणि खेळाडू अशा तिन्ही भूमिकांत तो स्वतः, आणि बरोबर निम्म्याचा भागीदार डच स्टर्नमन. दोघे मालक, दोघे कोच. ज्यांनी एका प्रोजेक्टवर दोन मॅनेजर सोसलेत त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. एक म्हणणार असं धावा, दुसरा म्हणणार तसं. १९२९ ला बेअर्स ४ सामने जिंकले, ९ हरले, २ बरोबरीत. शेवटी दोघांनीही कोचिंगमधून बाजूला व्हायचं ठरवलं आणि तिसरा माणूस आणला. कुठून? शाळेतून! राल्फ जोन्स, वय ४९. त्यानं म्हणे शब्द दिला की तीन वर्षांत विजेतेपद आणून देतो.

इथे थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगतो. त्या काळी बहुतेक संघ 'सिंगल विंग' पद्धतीनं खेळायचे. चेंडू मागे पाच-सहा पावलांवर उभ्या असलेल्या मुख्य खेळाडूकडे हवेतून फेकायचा आणि मग सगळ्यांनी एका बाजूला जोर लावून रेटायचं. बेअर्स मात्र जुनी 'टी' रचना वापरायचे. यात क्वार्टरबॅक अगदी पुढच्या रांगेला चिकटून उभा राहतो, चेंडू हातातल्या हातात घेतो आणि त्याच्या मागे तिघे एका ओळीत. वरून बघितलं तर इंग्रजी टी अक्षर दिसतं. पद्धत जुनी होती, घट्ट होती, आणि बरेच जण तिला कालबाह्य म्हणायचे.

जोन्सनं ती फेकून दिली नाही. त्यानं ती सैल केली. पुढच्या रांगेतल्या माणसांमधली अंतरं वाढवली, टोकाच्या खेळाडूला आणखी बाहेर नेलं, आणि चेंडू सुटायच्या आधीच मागच्यातल्या एकाला आडवं पळायला लावलं. झालं! समोरच्या बचावाला कळेना की या पळणाऱ्याच्या मागे जायचं, की मधल्या फळीवर लक्ष ठेवायचं. ताकदीच्या खेळात त्यानं गोंधळ घातला, तोही मोजूनमापून.

आता माझा एक तर्क. अंतर वाढवा, माणूस हलवा, चेंडूपेक्षा मोकळ्या जागेकडे बघा... हे ऐकल्यावर तुम्हाला कुठला खेळ आठवतो? मला बास्केटबॉल आठवतो. ज्या माणसानं १५ हून जास्त हिवाळे लाकडी फरशीवर पाच पोरांमधली अंतरं मोजण्यात घालवले, त्याला गवतावरची ११ माणसं दाटीवाटीनं उभी दिसली की खुपणारच. आयुष्यभर एकच खेळ शिकवलेल्या माणसाला ती दाटी दिसलीच नसती, कारण ती त्याच्या सवयीची. दोन खेळ शिकवायची वेळ जोन्सवर लहान कॉलेजांच्या जमान्यानं आणली, आणि माझ्या मते त्याच नाइलाजातून त्याचं सगळ्यात मोठं काम निघालं.

तर १९३२. जोन्सचं तिसरं वर्ष. मोसमाचे पहिले तीन सामने ०-०, ०-०, ०-०. चौथा ०-२ हरला. म्हणजे "तीन वर्षांत विजेतेपद" म्हणणाऱ्या कोचच्या संघानं चार सामन्यांत एक गुणही केलेला नाही! आजचा जमाना असता तर दुसऱ्या ०-० लाच सोशल मीडियावर त्याची हकालपट्टी झाली असती. पण त्यानंतर बेअर्स एकही सामना हरले नाहीत. शेवटी ते आणि ओहायोमधल्या पोर्ट्समथ गावचा स्पार्टन्स हा संघ बरोबरीत राहिले. (तेव्हा बरोबरीचे सामने हिशोबात धरत नसत. बेअर्स ६ विजय, १ पराभव. स्पार्टन्सही ६ विजय, १ पराभव.) मग एक जादा सामना ठरला.

१८ डिसेंबर १९३२. शिकागोत कडाक्याची थंडी आणि बर्फ, म्हणून सामना चक्क छपराखाली, शिकागो स्टेडियममध्ये. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती, तिची माती तशीच पसरलेली, आणि हत्ती-घोड्यांचा वास म्हणे तसाच दरवळत होता. मैदान आखूड, एकूण ८० यार्डांचं. चौथ्या सत्रापर्यंत पुन्हा ०-०. मग बेअर्सच्या ब्रॉन्को नागुर्स्कीनं रेटून घुसायची हूल दिली, दोन पावलं मागे आला आणि चेंडू रेड ग्रेंजकडे अलगद उडवला. ग्रेंज टोकाच्या पट्ट्यात मोकळा उभा! स्पार्टन्सचा कोच ओरडत राहिला की पास फेकणारा नियमाप्रमाणे रेषेपासून पाच यार्ड मागे नव्हता. पंचांनी ऐकलं नाही. बेअर्स ९, स्पार्टन्स ०. लगेच पुढच्या वर्षी लीगनं तो पाच यार्डांचा नियमच काढून टाकला, आणि दोन गट करून शेवटी अंतिम सामना घ्यायची पद्धतही १९३३ पासूनच सुरू झाली. म्हणजे आज अख्खी अमेरिका ज्या सुपर बोलसाठी टीव्हीसमोर बसते, त्याचं एक टोक सर्कशीच्या त्या मातीत आहे.

या सामन्यातला माझा सगळ्यात लाडका तपशील वेगळाच आहे. स्पार्टन्सचा सर्वात मोठा खेळाडू डच क्लार्क त्या दिवशी हजरच नव्हता. का? तर त्याची दुसरी नोकरी होती, आणि तिथून सुट्टी मिळाली नाही! कुठली नोकरी? कोलोरॅडो कॉलेज नावाच्या लहान कॉलेजात बास्केटबॉल कोचची. देशाच्या विजेतेपदाचा सामना एकीकडे आणि छोट्या कॉलेजचा बास्केटबॉल मोसम दुसरीकडे, आणि जिंकलं कॉलेज. आज हे ऐकून हसू येतं. पण तेव्हा व्यावसायिक फुटबॉल हा बेभरवशाचा धंदा होता, आणि कॉलेजची नोकरी म्हणजे दर महिन्याचा पगार.

हे ध्यानात ठेवलं की जोन्सचा पुढचा निर्णयही वेगळा दिसायला लागतो. १९३२ च्या मोसमात विजेतेपद मिळूनही बेअर्सना सुमारे १८,००० डॉलर्सचा तोटा झाला. महामंदीचा तळ होता तो. १९३३ मध्ये अमेरिकेत कामकऱ्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश लोक बेकार होते. हॅलसनं पैसे वाचवायला कोचिंग पुन्हा स्वतःकडे घेतलं. जोन्स परत लेक फॉरेस्टला गेला, या वेळी तिथल्या कॉलेजात. आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. १९५१ मध्ये वारला.

रेझ्युमे संपला. पण गोष्ट संपत नाही.

८ डिसेंबर १९४०. लीगचा अंतिम सामना, बेअर्स विरुद्ध वॉशिंग्टन. तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टननं त्यांना ७-३ हरवलेलं, आणि वर त्यांच्या मालकानं पत्रकारांसमोर बेअर्सना रडूबाई म्हटलेलं. निकाल? बेअर्स ७३, वॉशिंग्टन ०. छापायची चूक नाही, त्र्याहत्तर-शून्य! या लीगच्या इतिहासात आजही याहून मोठा विजय नाही. पद्धत तीच, सैल केलेली टी, आणि आडवा पळणारा माणूस. त्यात क्लार्क शॉनेसी नावाच्या हुशार प्रशिक्षकानं भर घातली होती, सिड लकमनसारखा क्वार्टरबॅक मिळाला होता. त्याच मोसमात शॉनेसीनं स्टॅनफर्ड विद्यापीठात टी आणली आणि तिथेही संघ एकही सामना हरला नाही. मग काय, बघता बघता सगळेच टी खेळायला लागले. पुढच्या १०-१२ वर्षांत व्यावसायिक लीगमधून सिंगल विंग हद्दपार झाली.

श्रेय कुणाला? हॅलसला, शॉनेसीला, लकमनला. आणि ते त्यांचं आहेच, मी नाकारत नाही. पण रविवारी हे सगळं घडत होतं तेव्हा पहिलं डिझाइन करणारा माणूस ५० किलोमीटरवरच्या कॉलेजात पुढच्या आठवड्याची प्रॅक्टिस आखत होता.

आता दुसरी वाट. आठवतोय ना पिगी लँबर्ट? तो पुढे पर्ड्यूचा बास्केटबॉल कोच झाला आणि तीन दशकांच्या आसपास तिथेच राहिला. वेगवान खेळ ही त्याची ओळख. त्याच्या हाताखाली १९३२ पर्यंत एक मुलगा खेळला, जॉन वुडन. हाच वुडन पुढे लॉस एंजलिसच्या यूसीएलएमध्ये कोच झाला, आणि १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत त्यानं १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये असं कुणी केलेलं नाही. वुडन आयुष्यभर लँबर्टचं नाव घेत राहिला. आणि लँबर्टला लहानपणी घडवणाऱ्यांत होता क्रॉफर्ड्सव्हिलचा राल्फ जोन्स.

मला काय म्हणायचंय ते आता थेट म्हणतो. शिकवणाऱ्या माणसाची करियर शिडीसारखी वाचली तर ती चुकीची वाचली जाते. कुठल्या पायरीवर किती वर्षं, पुढची पायरी उंच की बुटकी, एवढंच त्यात दिसतं. त्याच्या हातून पुढे काय गेलं हे त्या कागदावर मावतच नाही. लहान जागा म्हणजे मोठ्या जागेची वेटिंग रूम, हा आपला एक पक्का समज आहे. जोन्सच्या बाबतीत उलट दिसतं. काम लहान जागेत तयार झालं, मोठ्या जागेत फक्त ते लोकांना दिसलं.

यावर तुमचे आक्षेप काय येणार ते मला ठाऊक आहे. पहिला, "अरे, हा एक निघाला. बाकी शेकडो छोट्या कॉलेजांचे कोच विस्मरणात गेलेच ना?" बरोबर. पण मी असं म्हणतच नाही की लहान जागेतला प्रत्येक जण जोन्स असतो. मी म्हणतोय की नुसत्या पायऱ्या बघून तुम्हाला जोन्स कोण आणि बाकीचे कोण हे ओळखताच येणार नाही. दुसरा आक्षेप, "लँबर्ट काय, वुडन काय, एकाच माणसाकडून थोडेच शिकले?" हेही मान्य. वुडनच्या दहा विजेतेपदांचा हिशोब जोन्सच्या खात्यावर मांडणं वेडेपणाचं होईल. पण शून्य मांडणं त्याहून वेडेपणाचं, आणि आपण सध्या शून्यच मांडतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, आणि तो माझाच आहे. "शिकवण्याचा आनंद", "छोट्या टीमचं समाधान" ही वाक्यं पगारवाढ टाळायला फार सोयीची असतात. तुम्हीही ऐकली असतील. तेव्हा जोन्सला संत करून भिंतीवर टांगायला माझा विरोध आहे. त्यानं मंदीच्या काळात तोट्यातल्या संघापेक्षा पगार वेळेवर देणारं कॉलेज धरलं, यात त्यागबिग काही शोधायचं कारण नाही. संसार असलेला कुठलाही शहाणा माणूस हेच करेल. माझा मुद्दा एवढाच की त्या शहाणपणाला "घसरण" म्हणू नका.

आणि हे मी १९३२ च्या अमेरिकेसाठी नाही, आपल्यासाठी लिहितोय.

माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या फ्रेशर्सच्या बॅचवर एक सीनियर होते. पोराचा कोड परत पाठवताना खाली फक्त एक प्रश्न लिहायचे, "इथे रिकामी फाईल आली तर?" उत्तर कधी सांगायचे नाहीत. आम्ही शोधायचं, चुकायचं, परत जायचं. अप्रेझलमध्ये त्यांना म्हणे सांगण्यात आलं की काम चांगलं आहे, पण "व्हिजिबिलिटी" कमी पडते. वर्षभरात ते एका २०-२५ जणांच्या कंपनीत निघून गेले. फेअरवेलच्या केकभोवती सगळ्यांचा एकच सूर, "बिचारे, मागे पडले." त्या बॅचमधले आज कुणी बंगळूरला आहेत, कुणी म्युनिकला, कुणी स्वतःची कंपनी काढून बसलेत. भेटलो की कळतं, प्रत्येक जण आपल्या ज्युनियरच्या कोडखाली उत्तर न लिहिता प्रश्न लिहितो. हे कुठल्या फॉर्मवर नोंदवलं गेलं? कुठेच नाही. नुकसान कुणाचं झालं? त्यांचं थोडं. कंपनीचं भरपूर, कारण पुढच्या बॅचला असा माणूस मिळालाच नाही.

आपला धंदा आता अशा वळणावर आहे की साधा कोड यंत्रंही लिहायला लागली आहेत. अशा वेळी नव्या पोरांना विचार करायला कोण शिकवणार हा प्रश्न आणखी टोकदार होतो. आणि आपण मात्र शिकवणाऱ्यालाच विचारतो, "दहा वर्षं झाली, अजून मॅनेजर नाही?" ऑफिसात विचारतो, लिंक्डइनवर न विचारता विचारतो, आणि लग्नाच्या बायोडेटावरून मावश्या विचारतात त्या वेगळ्याच.

म्हणून माझ्या दोन छोट्या सूचना. एक, पुढच्या वेळी इंटरव्ह्यू घेताना सीनियर माणसाला विचारा, "तुमच्या हाताखाली सुरुवात केलेले तीन जण आज काय करतात?" ज्यानं शिकवलंय त्याचे डोळे चमकतात आणि तो तीनवर थांबत नाही. ज्यानं नुसती माणसं वापरली, त्याला नावंही पटकन आठवत नाहीत. दोन, तुमच्या हातात अप्रेझल असेल तर या गोष्टीसाठी एक रकाना ठेवा, आणि त्या रकान्यासमोर पैसेही ठेवा. नुसती टाळ्यांची इमोजी नको.

आणि तुम्ही स्वतः जर आत्ता एखाद्या "लहान" जागेचा विचार करत असाल, तर पगार, घराचा हप्ता, आईवडिलांची औषधं हे सगळं कागदावर मांडूनच ठरवा. ते जमत नसेल तर नका जाऊ, त्यात कमीपणा नाही. पण सगळं जमतंय आणि फक्त "लोक घसरला म्हणतील" एवढ्यासाठीच अडलंय, असं असेल, तर वर झाकून ठेवलेला रेझ्युमे एकदा परत वाचा.

असो. सोमवारी स्टँडअप आहेच.

ता.क. : ७३-० च्या त्या सामन्यात बेअर्सच्या १० वेगवेगळ्या खेळाडूंनी ११ टचडाउन केले. प्रत्येक टचडाउननंतर जादा गुणासाठी चेंडू लाथेनं खांबांमधून मारता येतो. इतके चेंडू प्रेक्षकांत गेले की शेवटी शेवटी पंचांनी विनंती केली, जादा गुण लाथेनं नका घेऊ, चेंडू संपत आलेत. :)